फोन ठेवू नकोस, दादा

६ ऑक्टोबर, सकाळ

दादा,

थोरल्या भावाला पत्र लिहिताना वर ‘तीर्थस्वरूप’ आणि खाली ‘साष्टांग नमस्कार’ घालायची रीत आहे. या पत्रात दोन्ही नाहीत. काल माझं वाक्य अर्ध्यावर असताना तू फोन ठेवलास, तेव्हा माझा नमस्कारही अर्ध्यावरच राहिला असं समज.

मी फक्त एवढंच म्हणत होते की, “अण्णांना जरा बोलाव ना फोनवर.” तू म्हणालास, “अंघोळीला गेलेत.” परवा विचारलं तेव्हाही अंघोळीलाच गेले होते. त्याच्या आधी वहिनी म्हणाली, झोपलेत. त्याच्याही आधी फिरायला गेले होते. अरे, ज्या माणसाला अंगावर पाणी घ्यायचं म्हटलं की कणकण येते, तो दिवसातून अंघोळी करतो तरी किती? मी घड्याळ बघून फोन करते. इथे सकाळ असते तेव्हा तुमच्याकडे दुपार कलत असते. भर दुपारी कोण अंघोळ करतं? थाप मारायची तर निदान नीट मारावी. तुला तेही कधी जमलं नाही.

तुला वाटत असेल, बाई मजेत परदेश हिंडतेय आणि जाता-येता फोन उचलून आपलं डोकं खातेय. मग इथून घरी फोन लावणं म्हणजे काय प्रकार आहे ते ऐक. हॉटेलच्या खोलीत फोन आहे, पण त्यावरून फक्त शेजारच्या खोलीत बोलता येतं. खाली काउंटरवरच्या माणसाला बाहेरची लाइन मागितली, तर तो हसतो आणि रस्त्याकडे बोट दाखवतो. रस्त्यावर कपडे धुण्याच्या दुकानाशेजारी काचेचं बूथ आहे. त्यासाठी वर्तमानपत्रवाल्याकडून कार्ड घ्यायचं, त्यावरचा करडा पट्टा नखाने खरवडायचा, खालचे बारीक आकडे चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि एकेक करून दाबायचे. मग एक बाई गोड आवाजात काहीतरी सांगते. शब्द कळत नाही, पण सूर ओळखीचा आहे. ‘बाई, तुमचं चुकलं’ असंच म्हणत असणार. पहिले दोन दिवस तर आपल्या गावाच्या नंबराआधीचं शून्य इथून लावायचं नसतं हेच मला माहीत नव्हतं. मी शून्य लावतेय आणि ती चुकलं म्हणतेय. शेवटी पोस्टातल्या बाईने माझ्या हातातला कागद घेऊन त्या शून्यावर काट मारली, तेव्हा कुठे प्रकाश पडला.

बरं, लागला फोन तरी सुख नाही. माझंच बोलणं फिरून माझ्याच कानात येतं. आपणच आपल्याला प्रश्न विचारतोय असं वाटतं. बूथबाहेर रांग, मागचा काचेवर टकटक करतोय. आणि एवढा सगळा डोंगर चढून वर गेल्यावर काय ऐकू येतं? तर अंघोळीला गेलेत!

मी इथे पंच म्हणून आलेय, दादा. दिवसभर नेटशेजारच्या उंच स्टँडवर उभं राहून व्हॉलीबॉल बघते. खेळाडूचं करंगळीचं टोक नेटला लागलं तरी मला दिसतं. मग तुझ्या आवाजातली चोरी मला दिसणार नाही असं तुला वाटलंच कसं?

आईच्या वेळी तू मला काय तार केली होतीस, आठवतंय? ‘प्रकृती जरा नरम, सवडीने ये.’ मी सवडीने आले. माझ्या संघातल्या मुलींना स्पर्धा जिंकून देऊन, हातात कप घेऊन, हसत हसत दारात आले, तर घर माणसांनी भरलेलं आणि आई आदल्याच दिवशी गेलेली. “तुला प्रवासात त्रास नको म्हणून,” असं तू म्हणालास. त्यानंतर आपण दोघं अण्णांच्या मार्फत बोलतो. दादाला सांगा, तिला विचारा. इतकी वर्षं तो म्हातारा आपला टपालवाला झालाय.

म्हणून सरळ विचारते. काय लपवतोयस?

फोन तुला ठेवता येतो. पत्र तसं ठेवता येत नाही, पोस्टमन दारात आणून टाकतो. म्हणून लिहितेय.

तुझी बहीण (अजून तरी)


८ ऑक्टोबर, दुपारी सामने सुटल्यावर

दादा,

कळलं.

वहिनीवर डाफरू नकोस. तिने मुद्दाम सांगितलं नाही. मी आज फोन लावल्या लावल्या म्हटलं, “वहिनी, अण्णा अंघोळीला गेलेत ना?” माझ्या डोक्यात तिरकसपणाच होता. ती बिचारी गोंधळली आणि म्हणाली, “नाही हो, अंघोळ कशी घालणार, तिथे नर्स नुसतं अंग पुसतात.” मग तिकडे सगळं गप्प. मला वाटलं लाइन गेली. लाइन गेली नव्हती, वहिनी रडत होती.

मग एकेक बाहेर आलं. घसा गारठ्याने बसलाय असं मला सांगितलं होतंत ना? तो गारठा नव्हता, गाठ होती. आणि वाईट होती. रिपोर्ट माझं विमान सुटायच्या आदल्या दिवशी आला होता. आदल्या दिवशी! परवा सकाळी ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार. गळ्याला भोक ठेवणार, श्वास तिथून. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज मात्र कायमचा जाणार.

दादा, तू विमानतळावर आला होतास. इतक्या वर्षांत तू मला बस-स्टँडवरसुद्धा सोडायला आला नाहीस, आणि त्या दिवशी विमानतळावर आलास, माझी बॅग उचललीस, वर विचारलंस, “लोकरीची टोपी घेतलीस का?” मी वेडी. मला वाटलं, भाऊ वळला वाटतं. तू वळला नव्हतास. खिशात रिपोर्ट घेऊन टोपीची चौकशी करत होतास!

अण्णांचा आवाज म्हणजे काय, हे तुला मी सांगायला हवं का? फळबाजारात चाळीस वर्षं त्यांनी लिलाव पुकारला. ते ओट्यावर उभे राहिले की पलीकडच्या गल्लीतले हमाल हातातलं काम टाकून ऐकायचे. लहानपणी आपण मैदानावर असलो की जेवायला बोलवायला ते घरातून बाहेरसुद्धा यायचे नाहीत. खिडकीतून एकदाच हाक मारायचे आणि आपल्याबरोबर दुसऱ्यांची पोरंही घरी पळायची. मी आज हजारभर माणसांच्या गोंगाटात निर्णय देते, तो गळा मला कुठून मिळाला?

तो आवाज आता दोन दिवसांचा सोबती, आणि ते दोन दिवस तुम्ही मला अंघोळीच्या गोष्टी सांगून घालवणार होतात. मी परत आल्यावर काय करणार होतात? “अण्णा जरा कमी बोलतात हल्ली” असं सांगणार होतात का?

मी लगेच विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. तिकीट व्हॉलीबॉल संघटनेने काढलेलं, तारीख बदलत नाही, वरून जागाही नाही. काचेमागची पोरगी सारखी मान हलवत होती. मी तिला आपल्या भाषेत काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तू थोरला आहेस. तिला एक शब्द कळला नाही, पण तिने मला पाणी आणून दिलं.


९ ऑक्टोबर

दादा,

आज हॉस्पिटलला फोन लावला. नंबर वहिनीने दिला. पुन्हा सांगते, तिला बोलायचं नाही.

वॉर्डातल्या काउंटरवरच्या कारकुनाने उचलला. मी म्हटलं, मला माझ्या वडिलांशी बोलायचंय. तो म्हणाला, “पेशंटला फोनवर बोलवत नाही.” मी म्हटलं, “अहो, मी परदेशातून बोलतेय.”

“परदेशातून बोला नाहीतर चंद्रावरून बोला. नियम आहे.”

“उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. उद्यानंतर त्यांना बोलता येणार नाही. आत्ताच काय ते बोलता येईल.”

“मग नातेवाइकांशी बोला,” म्हणाला, आणि त्याने तुला हाक मारली.

म्हणजे तू तिथेच होतास! तुझ्या चपलांचा आवाज आला मला. तू फोन कानाला लावलास, तुझा श्वास ऐकू आला. मी म्हटलं, “दादा, अण्णांना घेऊन ये. काही झालं तरी घेऊन ये.” तू म्हणालास, “तू घरी आल्यावर बोलू आपण.” आणि ठेवलास.

घरी आल्यावर कुणाशी बोलू, दादा? भिंतीशी?

बूथबाहेर रांगेत एक म्हातारी होती. माझा चेहरा बघून तिने आपला नंबर सोडला आणि मला खुणेने सांगितलं, लाव पुन्हा. परक्या देशातल्या, जिचं नाव-गाव माहीत नाही अशा बाईला जे कळलं ते माझ्या सख्ख्या भावाला कळत नाही. मी पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला.

मग घरी लावला आणि वहिनीला सांगितलं. उद्या ऑपरेशनला न्यायच्या आधी मी हॉस्पिटलला फोन करणार. अण्णा त्या काउंटरजवळ हवेत. खुर्चीवर आणा, उचलून आणा, काहीही करा. नाही आणलंत तर माझ्या दृष्टीने मला भाऊ नाही. हे तिला तुला सांगायला सांगितलंय. सांगितलं असेल तिने.


१० ऑक्टोबर

दादा,

आज जे झालं त्यातलं निम्मं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं निम्मं ऐक.

तुमच्याकडे सकाळ म्हणजे इथे जेमतेम उजाडलेलं. रस्त्यावर पाववाल्याची गाडी आणि झाडूवाला, बाकी कुणी नाही. मी धावत बूथशी गेले, तर आत एक तरुण! कोपराने काचेला टेकून, डोळे मिटून, फोनवर लाडीगोडी चाललेली. मी टकटक केलं. त्याने पाठ फिरवली. हात जोडले. त्याने डोळेच उघडले नाहीत. माझ्या गळ्यात शिट्टी होती, सकाळचा सामना माझाच होता. मी ती तोंडात घातली आणि सामना थांबवताना फुंकते तशी सगळा श्वास लावून फुंकली. पोरगा हातातला फोन टाकून बाहेर आला. पोलीसच आले असं वाटलं असणार त्याला. झाडूवाला झाडू खांद्याला लावून ताठ उभा राहिला. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसले असते.

नंबर लागला. कारकुनाने उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “थांबा, देतो.” कालचा चंद्रावरचा माणूस आज इतका मऊ कसा, याचं मला नवल वाटलं. मग खुर्चीच्या चाकांची करकर आली.

“कोण?” अण्णांचा आवाज. आवाज कसला, पत्र्यावर पॉलिश पेपर घासल्यासारखं काहीतरी.

“अण्णा, मी.”

“ते कळलं. एवढ्या लांबून दुसरं कोण ओरडणार?”

मी काय काय बोलायचं ठरवलं होतं! रात्रभर उशीवर डोकं ठेवून मनाशी घोकलं होतं. तुम्ही मला खेळायला पाठवलंत, लोक नावं ठेवत होते तेव्हा माझ्यामागे उभे राहिलात, असं सगळं. आणि तोंडातून काय निघालं? “तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“मीच नको म्हटलं. दादाला शपथ घातली. त्याला काही बोलायचं नाही.”

 माझाच श्वास मला परत ऐकू येत होता.

“शपथ?” मी म्हटलं. “कशासाठी?”

“तू उठून आली असतीस म्हणून. तुला पंच म्हणून बाहेरच्या देशाने बोलावलंय. माझ्या गळ्यापायी तू परत फिरणार? मग मी तुला त्या मैदानावर कशाला सोडली होती?”

“परत फिरायचं की नाही ते मी ठरवलं असतं!”

“तू काय ठरवणार? तू रडत बसली असतीस.”

“रडले असते तर रडले असते! माझे वडील आहात तुम्ही. तुमच्या आवाजावर माझा काही हक्क आहे की नाही?”

“आवाज माझा आहे,” अण्णा म्हणाले, आणि दादा, तुला सांगते, त्या फाटक्या गळ्यातून बाजारातला जुना सूर निघाला. “आयुष्यभर मी तोच विकून खाल्ला. उरलासुरला कुणाला द्यायचा ते मी बघेन!”

“मग मला का नाही दिलात?”

“देतोय की आता! तू घेतेस कुठे, तू ओरडतेयस!”

आणि खरंच मी ओरडत होते. तेही ओरडत होते. मध्ये तो लाइनचा मेला विलंब, बोललेलं क्षणभर उशिरा पोचायचं, मी बोलायला आणि त्यांचं मागचं वाक्य पोचायला एकच गाठ. दोघंही एकमेकांच्या शब्दांवर पाय देत होतो. मी म्हणत होते की या घरात मला पाहुण्यासारखं वागवतात, शेवटी कळवायचं माणूस म्हणून. ते म्हणत होते, पाहुण्याशी इतकं भांडत बसतं का कुणी. मागे कुणीतरी हळू बोला म्हणालं, बहुतेक नर्स, तर अण्णा तिच्यावरही खेकसले, “उद्यापासून हळूच बोलणार आहे, आज राहू दे!”

मला हसू आलं आणि रडूही. ते त्यांना कळलं असावं, कारण एकदम शांत झाले. म्हणाले, “बरं, भांडून झालं असेल तर आता ऐक. मी तुला एक—”

आणि कार्ड संपलं. टूं... टूं... टूं.

दादा, मी तो फोन काचेवर आपटला. तो बाहेरचा तरुण अजून उभा होता. त्याने स्वतःचं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. त्याचे आकडे मी घाईघाईने दाबले. त्या गोड बाईने दोनदा चुकलं म्हटलं. शेवटी लागला तेव्हा कारकून म्हणाला, “ताई, नेलं त्यांना आत्ताच.”

मी सामन्याला गेले. स्टँडवर चढले. काम केलं. एकही निर्णय चुकला नाही, एवढं अण्णांना सांग. पण मी चिडलेलीच आहे. आधी तुझ्यावर होते, आता तुम्हा दोघांवर. शपथ घालणाऱ्यावर आणि घालून घेणाऱ्यावर. शपथ काय डोळे मिटून घ्यायची असते? तू एवढा मोठा झालास, दादा, तू त्यांना सांगायला हवं होतंस की हे मी करणार नाही.


११ ऑक्टोबर

ऑपरेशन व्यवस्थित झालं असं वहिनीने सांगितलं. शुद्धीवर आलेत, डोळे उघडून सगळ्यांकडे बघतात.

आणखीही एक सांगितलं तिने. काल सकाळी कारकून आधी तयार नव्हता. तू काउंटरवर मूठ आपटलीस म्हणे, टाचण्यांची डबी उडाली. “माझ्या बहिणीचा फोन येणार आहे आणि तो माझे वडील घेणार आहेत,” असं तू अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालास. वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून तिने तुझा चढा आवाज ऐकला नव्हता.

ऐकून बरं वाटलं. पण लगेच रागही आला. हेच आदल्या दिवशी केलं असतंस, तर मला एक अख्खी दुपार मिळाली असती.


१६ ऑक्टोबर

दादा,

हे शेवटचं पत्र. परवा निघते, म्हणजे पत्राच्या आधी मीच पोचेन. तरी लिहितेय, कारण आज तू फोनवर जे बोललास त्याला मी नीट उत्तर दिलं नाही.

हॉस्पिटलला लावला, तर कारकुनाने फोन आत जोडून दिला. मला वाटलं होतं वहिनी उचलेल. तू उचललास. काउंटरचा नव्हे, अण्णांच्या खाटेजवळ मागून घेतलेला फोन, असं म्हणालास. मी म्हटलं, “अण्णा कसे आहेत?” तू म्हणालास, “समोर बसलेत. त्यांच्या हातात पाटी आहे. तू बोल, मी फोन त्यांच्या कानाला लावतो. ते लिहितील ते मी वाचून दाखवतो.”

जगात कुणी असा फोन केला नसेल. मी बोलायची, मग खडूची कुरकुर यायची, मग तुझा तो कोरडा, शाळेतला धडा वाचल्यासारखा आवाज.

“जेवतेस का विचारतायत.”

जेवते, मी म्हटलं. “अण्णा, त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात? ‘मी तुला एक’ म्हणालात आणि फोन तुटला. एक काय?”

खडू कुरकुरला.  तू घसा खाकरलास आणि वाचलंस, “आठवत नाही. तू काही ऐकून घेत नव्हतीस एवढं आठवतं.”

सहा दिवस, दादा! सहा दिवस मी त्या एका वाक्याच्या मागे झोप घालवली. आणि त्यांना आठवत नाही! मी चिडून काही बोलणार, तर तू म्हणालास, “हसतायत. आवाज येत नाही, पण खांदे हलतायत.” ते तू मला सांगितलंस. पाटीवर नव्हतं ते. माझ्या लक्षात आलं.

मग अण्णा दमले. तू म्हणालास, पाटी पुसली, डोळे मिटले. मला वाटलं आता तू ठेवणार. मी वाट बघत होते त्या खट् आवाजाची. तो आला नाही. लाइनवर नुसती घरघर, मागे कुणीतरी बादली सरकवतंय. मग तू विचारलंस, “विमान किती वाजता उतरतं?”

मी म्हटलं, “हे अण्णांनी लिहिलंय का?”

“नाही,” तू म्हणालास. “ते झोपलेत. मी विचारतोय.”

मी वेळ सांगितली आणि मीच फोन ठेवला, कारण पुढे मला बोलवेना. म्हणून आता लिहिते. ये. पण येताना एक ध्यानात ठेव. माझा राग गेलेला नाही. आईच्या तारेचा गेलेला नाही, अंघोळीचाही नाही. मी तो विमानतळाबाहेर सगळा काढणार आहे, आणि तू मध्ये ‘घरी गेल्यावर बोलू’ म्हणायचं नाहीस. तिथेच उभं राहून ऐकायचं. उत्तर द्यायचं. ओरडायचं असेल तर ओरड, तुला येतं हे आता मला ठाऊक आहे.

मग माझी बॅग उचल, आणि आपण दोघं मिळून अण्णांकडे जाऊ.

साष्टांग नमस्कार,
तुझी बहीण